वहिनीचा केसपेपर

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर, माझ्या वॉर्डातल्या मुलींनो आणि समोर बसलेल्या सर्व मंडळींनो,

चौतीस वर्षांच्या माझ्या नोकरीबद्दल आत्ता इतकं गोड बोललं गेलं, की ही बाई कोण म्हणून मीही मान वळवून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, सिस्टर सगळ्यांच्या घरच्याच झाल्या होत्या. क्षमा असावी साहेब, पण हे मला मान्य नाही. मी घरची झाले असते तर इथल्या निम्म्यांची दुखणी गावभर झाली असती. हसू नका, कोण जास्त हसतंय ते मला इथून दिसतंय.

माझ्या दादाचीच गोष्ट घ्या. ती त्यानं स्वतःच चारचौघांत सांगितली आहे, म्हणून बोलते. सात वर्षांपूर्वी वहिनी माझ्याच वॉर्डात दाखल झाली. दुखणं बरं होणारं नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. घरी तिनं साधं ऑपरेशन म्हणून सांगितलं. मला म्हणाली, "नणंदेला नाही, सिस्टरला सांगतेय. तुझ्या भावाला हे कळता कामा नये."

आमच्याकडे केसपेपर कॉटच्या पायथ्याशी उघडाच लटकत असतो. डॉक्टरांचं अक्षर नातेवाइकांना कुठलं लागायला? पण भेटीच्या वेळी दादा आला आणि मी तो चटकन पालथा केला. शहाणी ना मी! त्यानं पाहिलं, विचारलं. मी म्हटलं, वहिनीलाच विचार. तिनं हसण्यावारी नेलं. चार महिन्यांनी ती गेली. मग त्याला सगळं कळलं, आणि सख्ख्या बहिणीनं दगा दिला म्हणून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं.

सोपं गेलं का मला ते? मुळीच नाही. भाऊ दारात उभं करत नाही तेव्हा काळीज तुटतं. पण मला सांगा, रोग्याला दिलेला शब्द नात्यापुढे सैल करायचा, तर उद्या बायका दुखणी अंगावर काढण्यावाचून दुसरं काय करतील?

आज दादा आलाय, मागच्या रांगेत बसलाय. मघाशी दारातच म्हणाला, "आता तू सिस्टर नाहीस. तिनं ते माझ्यापासून का लपवलं, एवढं तरी सांग."

ते कारण मला माहीत आहे. एका दुपारी तिचं अंग पुसत होते, तेव्हा तिनं ते सांगितलं होतं. पण दादा, माझी नोकरी संपली, तिला दिलेला शब्द संपलेला नाही. रागाव, हवं तर पुन्हा बोलणं टाक. मी सांगणार नाही.

आपण सर्वांनी वेळात वेळ काढून माझं कौतुक केलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर ते पोटात घाला. जे बोलले नाही, त्याची माफी मात्र मी मागणार नाही.