घुरघुऱ्या

आई : ...नाही हो, कानात काही दोष नाही तिच्या. सगळं ऐकू येतं. 'बाहेर ये' तेवढंच येत नाही.

जवान : मग काळजी नको. माझ्या थोरल्याचेही कान तसलेच आहेत, आणि तो एकवीस वर्षांचा आहे.

आई : वर्गातली सगळी मुलं मैदानावर तुमच्या आगीच्या बंबाची नळी धरायला गेली. ही एकटी बाईंच्या टेबलाखाली, म्हणून मला बोलावून घेतलं. भिंगरे, ए भिंगरे, ये बघू बाहेर. काका काय म्हणतील?

जवान : काका काही म्हणत नाहीत. काकांनी मास्क काढून बाकावर ठेवलाय आणि फरशीवर बसकण मारलीय. काय म्हणालात, भिंगरी? नाव भिंगरी आणि बसलीय खुंटा रोवल्यासारखी!

भिंगरी : भिंगरी घरचं नाव आहे. तुम्ही म्हणायचं नाही.

जवान : चुकलं. नाही म्हणत.

आई : उलट बोलायचं नाही असं! माफ करा हं. एरवी अशी नाही ती. साहेब, तुम्ही जा मैदानावर, तुमचा खोळंबा होतोय. मी काढते तिला.

जवान : साहेब गाडीत पुढे बसतात, मी मागून नळी ओढतो. दादा म्हणा. आणि खोळंबा कसला, आज आमचं कामच हे आहे. मघाशी सगळ्या वर्गात झकास कोण गडगडलं, सांगू? हीच. कपड्यांनी पेट घेतला तर काय करायचं गं?

भिंगरी : थांब, पड, गडगड. तोंडावर हात.

जवान : पळत सुटायचं?

भिंगरी : नाही. आपण पळालो की आग पण मागे पळते.

जवान : आणि धूर झाला तर?

भिंगरी : खाली वाकायचं. रांगत रांगत दाराकडे. दार गरम असलं तर उघडायचं नाही.

जवान : बघा ताई, सगळं तोंडपाठ. आमच्यात परवा नवीन पोरं भरती झाली, त्यांना एवढं येत नव्हतं. मग मी मास्क लावून दारातून आत आलो आणि माशी शिंकली. कुठे शिंकली, तेवढं कळत नाही.

आई : लाजली असेल. थांबा, हात धरून ओढतेच आता...

जवान : नका, ताई. ओढू नका.

आई : अहो, पण...

जवान : ओढलंत तर आज निघेल. ज्या दिवशी खरंच निघायला हवं, त्या दिवशी ओढायला तुम्ही जवळ असालच असं नाही.

आई : असं नका हो बोलू.

जवान : तुम्हाला घाबरवायला नाही बोललो. जरा इकडे या, हळू सांगतो. एका घरात आम्ही गेलो होतो. धूर इतका, की स्वतःचा हात दिसेना. हिच्याएवढीच पोर आत होती. मी हाका मारतोय, ती कपाटात. त्या खोलीतून मी दोनदा गेलो, ताई. दोनदा. मास्कमधला माझाच आवाज ऐकून ती आणखी आत सरकत होती.

आई : सापडली ना?

जवान : सापडली. शिंकली म्हणून सापडली. आता कॉलेजात जाते, भेटली की हसते. पण तेव्हापासून मी शाळेशाळेतून हेच करत फिरतो. मुलं आगीला भितात ते ठीकच. आम्हाला भितात, त्याचं काय करायचं?

आई : भिंगरे, बाळा, काकांना का घाबरलीस? ते तर आपल्याला वाचवायला येतात.

भिंगरी : काका नव्हते ते. घुरघुऱ्या होता.

जवान : कोण?

भिंगरी : घुरघुऱ्या. तो 'घुर्र... फुस्स' करतो. आणि सिलिंडरमागे राहतो. आज तर सिलिंडर पाठीवर घेऊनच आला.

आई : काहीतरीच! टीव्हीवर पाहिलं असेल.

भिंगरी : टीव्हीवर नाही. आपल्या ओट्याखाली. तूच सांगितलंस.

जवान : असं होय. ताई, बसा खाली. फरशी स्वच्छ आहे. माझी आई मला सांगायची, जेवला नाहीस तर पोलीस धरून नेईल. तीस वर्षं वर्दी घालतोय, तरी पोलीस दिसला की आधी शर्टाचं बटण चाचपतो. कोणाच्या घरात नसतो एखादा घुरघुऱ्या?

आई : अडीच वर्षांची होती. मी अंघोळीला गेले. पाच मिनिटं, दादा. पाचसुद्धा नाही. बाहेर आले तर घरभर गॅसचा वास. ही स्टुलावर उभी, दोन्ही बटणं फिरवलेली, आणि हसत होती माझ्याकडे बघून. काही पेटलेलं नव्हतं म्हणून... तेव्हापासून ही जरा नजरेआड झाली की मला तो वास येतो. बसमध्ये येतो. ऑफिसात येतो.

जवान : येणारच. माझ्याही नाकात दोनतीन वास आहेत कायमचे राहायला.

आई : समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी पिठाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून आवाज काढला. एकदाच. आणि काय सांगू, त्या दिवसापासून ही ओट्याच्या जवळपास फिरकत नाही. मला वाटलं, सुटले मी.

जवान : राखणीला भीती ठेवली ना ताई, की ती चोर ओळखत नाही आणि सावही ओळखत नाही. येईल त्याच्यावर भुंकते.

आई : पण तो घालवला आणि हिने परत बटणाला हात लावला तर? तुमचं आजचं काम होईल हो. घरी मी आहे, ही आहे आणि तो ओटा आहे.

जवान : बटणाचं खरं तेच सांगा. पाच वर्षांची आहे, दाराचं कळलं तिला, बटणाचंही कळेल. पण घुरघुऱ्याचं तुम्हीच सांगायला हवं. मी सांगून काय उपयोग? मी तर त्याचा भाऊबंद.

आई : काय सांगू? कसं?

जवान : हा घ्या मास्क. आधी हनुवटी आत. हं. आता पट्टे मागे ओढतो, केस अडकले तर सांगा. बघ गं पोरी, आईला काय घालतोय. या सिलिंडरात गॅस नाही, नुसती हवा आहे. आपण आता घेतोय तीच. घ्या ताई, श्वास घ्या.

आई : घुर्र... फुस्स. अगंबाई!

भिंगरी : आई?

आई : मीच आहे गं. घुर्र... फुस्स.

भिंगरी : तुझा आवाज डब्यातून येतोय.

आई : तेव्हाही डब्यातूनच आला होता. पिठाच्या. घुरघुऱ्या नाहीच, बाळा. मीच होते.

भिंगरी : आणि बाबा झोपले की येतो तो?

आई : ते... ते बाबाच.

जवान : हा हा हा! माफ करा, ताई.

भिंगरी : म्हणजे तू खोटं बोललीस.

आई : हो. खोटं बोलले.

भिंगरी : पण मी तर त्याला रोज बिस्किट ठेवायचे. सिलिंडरमागे, लांबूनच सरकवून. म्हणजे तो तुला चावणार नाही.

आई : मला? ... आणि मी महिनाभर त्या मुंग्यांच्या मागे लागलेय! दादा, काढा हो हा मास्क. आतून काच ओली झाली.

जवान : काढतो, काढतो. डोळे पुसा सावकाश.

भिंगरी : मग बटणाला हात का लावायचा नाही?

आई : कारण त्यातून गॅस येतो. तो दिसत नाही. आणि जरा कुठे ठिणगी पडली तर एकदम भडका उडतो. तुला काही झालं असतं तर... मला फार भीती वाटते, भिंगरे.

भिंगरी : एवढंच?

आई : एवढंच.

भिंगरी : मग घरी गेल्यावर दाखव, कुठून येतो तो.

आई : दाखवते. आपण दोघी मिळून बंद करू. तुझा हात खाली, माझा वर.

जवान : ताई, आता शेवटचं एक. मी बाहेर जातो, मास्क लावतो आणि रांगत येतो. ती हाक मारेल, नाही मारणार, तिची मर्जी. तुम्हीही टेबलाखाली बसता?

आई : मावेन का मी?

भिंगरी : मावशील. पाय पोटाशी घे.

(दार लोटलं जातं. मग बाहेरून हळूहळू जवळ येणारा आवाज : घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स.)

भिंगरी : आई, हात किती घट्ट धरलास. दुखतंय.

आई : हो का? सोडते. हा बघ, सोडला.

जवान : घुर्र... फुस्स. आत कोणी आहे का? आवाज द्या! घुर्र... फुस्स.

आई : भिंगरे...

भिंगरी : शू. थांब. काका! मी इथे! टेबलाखाली!

जवान : शाब्बास! ऐकलं, आलो! बरोबर आणखी कोणी आहे?

भिंगरी : आई आहे. तिच्याजवळ एकदम येऊ नका. आधी लांबूनच घुर्र करा, म्हणजे तिला कळेल, तुम्ही नुसता श्वास घेताय.