ढमी उठून गेली

(समुपदेशन केंद्रातली खोली. सतरंजीवर मुलगी, तिला टेकून ढमी नावाची थोराड कुत्री आणि ढमीला सांभाळणारी ताई. मुलीची आई दाराजवळच्या खुर्चीत.)

आई : म्हणजे ही इथे कुत्रीशी बोलते? घरी माझ्याशी हूं की चूं नाही. शाळेचं नाव काढलं की दाराला आतून कडी!

ताई : बोलते कधीकधी. काय, ते मात्र विचारू नका.

आई : नाही विचारत. पण मी आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं, एवढं तरी सांगा.

मुलगी : मला ऐकू येतंय हं सगळं.

ताई : आईला आत बसू दे, असं तूच म्हणालीस ना आज?

मुलगी : बसू दे म्हटलं. बोलू दे कुठे म्हटलं?

आई : बरं बाई, तोंडाला कुलूप.

मुलगी : ढमे, इकडे बघ. ढमे... अगं, निघालीस कुठे? ताई, ही आईकडे चाललीये!

आई : अगं बाई, हाड्... नाही, म्हणजे, मी खाऊबिऊ काही आणलेला नाही हो. डोकं ठेवलं की हिने मांडीवर! काय करू?

ताई : काही नका करू. बसा तशाच.

मुलगी : माझं काही चुकलं का?

ताई : नाही गं.

मुलगी : मग? तुम्हीच म्हणालात, ज्याला बरं वाटत नसतं त्याच्याकडे ती जाते.

ताई : बरेचदा जाते. तिला कसं कळतं, ते मलाही ठाऊक नाही.

मुलगी : पण आईला काय झालंय? तिला कधीच काही होत नाही.

आई : काही नाही झालेलं. सकाळी डबे, मग ऑफिस, रात्री तुझ्या दाराशी... जाऊ दे.

मुलगी : दाराशी काय?

आई : बसते जरा. आतून आवाज येतोय ना, ऐकते.

मुलगी : कसला आवाज?

आई : कसलाही. कूस बदललीस तरी पुरतं. एकदा काहीच आवाज आला नव्हता ना... तेव्हापासून.

मुलगी : फटीतून सावली दिसायची. मला वाटायचं, तू चिडून उभी आहेस.

आई : चिडून? नाही गं. मला काय वाटतंय, तेच कळेनासं झालंय. हिला थोपटलं तर चालेल ना?

मुलगी : असं वरून नको थोपटूस, दचकते ती. कानामागे. हळू.

आई : इथे?

मुलगी : सरक थोडी. दाखवते.