टॉकीजला दिलेला रंग

चहा थंड होईल, पण हे ऐकाच. अकोल्यातली आपली जुनी टॉकीज पाडू नये म्हणून आम्ही चौघं पेन्शनर सात वर्षं अर्ज करून थकलो होतो. शेवटी जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याचे एक साहेब अमरावतीहून पाहायला आले. जुनेपण त्यांना पटलं, तर इमारत वाचणार होती.

चावी नामदेवकाकाकडे. जन्मभर तिथंच डोअरकीपर. आम्ही साहेबांना घेऊन आत शिरलो, तर भिंतींवरची हातानं काढलेली चित्रं गायब आणि सगळीकडे गुलाबी ऑइलपेंट, इतका चकचकीत की साहेबांनी त्यात भांग पाहून घेतला. सागवानी खुर्च्यांच्या जागी लग्नातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

"काका, हे कावून केलं?" मी कपाळाला हात लावला.

"मंग? मोठे पाहुने येऊन राहिले, अन् त्याइले ते जुनंपुरानं दाखवाचं? लाज नाही वाटत तुमाले?"

"आणि त्या खुर्च्या?"

"भंगारवाल्याले देल्या. ढेकनं होते त्याच्यात."

साहेबांनी वही मिटली. "मग इथं जुनं काय उरलं?"

काकानं आम्हा चौघांकडे बोट दाखवलं. "हे हायेत ना, साहेब. याइले कुठं रंग लावला मी!"