यंदाचा धूर

(पाळणाघराचं अंगण. सोमवारची सकाळ. मातीच्या खळग्यात निलगिरीची ओली पानं.)

ताहलिया : मावशी, पेटवू नकोस अजून. आधी या पाळणाघरवाल्या हेदरला विचारू दे.

व्हर्ना : काय विचारणार? दरवर्षीसारखं अंगणाला शुद्धीचा धूर दाखवायला तिनंच बोलावलंय मला. तू पोर इथे ठेव नि कामाला जा.

ताहलिया : तिला सोडून जाववत नाहीये. शनिवारच्या सार्वमतात देशानं आपल्याला, मूळनिवाशांना, ‘नाही’ म्हटलं, आणि आज हेदर माझी नजर चुकवतेय. आत्ता माझ्या मीकाला घेतलं, तेही मान खाली घालून.

हेदर : असं काही नाही, ताहलिया.

ताहलिया : मग सांग. तुझं मत कुठे पडलं?

हेदर : मत गुप्त असतं.

व्हर्ना : झालं. सांगितलं तिनं.

हेदर : मावशी, राग नव्हता हो कुणावर. पण राज्यघटनेत एकाच समाजाचं नाव घालायचं, त्यांचे वेगळे सल्लागार... मला वाटलं, उगाच फूट पडेल.

ताहलिया : गेल्या महिन्यात ‘होय’चा बिल्ला लावून हिंडत होतीस.

हेदर : सगळ्याच लावत होत्या.

ताहलिया : माझ्या आजीच्या हातून सरकारी माणसांनी पोरं ओढून नेली, गोऱ्यांच्यात वाढवायला, हेदर. पोर परक्या हातात देताना अजून मी दहादा मागे वळून बघते. तो बिल्ला बघून मी निर्धास्त झाले होते.

हेदर : मीकाला मी जिवापाड जपते.

ताहलिया : जपतेस. म्हणून तर जास्त लागलं.

व्हर्ना : पुरे. हेदर, दरवर्षी मला कशाला बोलावतेस?

हेदर : जमीन मुळात तुमच्या लोकांची, आम्ही बाहेरून आलेले. तुम्ही ‘या’ म्हणायचं, मग आम्ही धुरातून आत यायचं. रीतच आहे ती.

व्हर्ना : मी कधी नाही म्हटलं?

हेदर : कधीच नाही.

व्हर्ना : आम्ही एकदाच दार वाजवलं गं, शनिवारी.

ताहलिया : चल मावशी. मीकाला घेते, घरी जाऊ.

व्हर्ना : काडी दे इकडे. पोरांनी कुठे मत दिलंय? त्यांना धूर मिळायलाच हवा. मीकालाही आण.

ताहलिया : आणते. पण धूर झाला की तिला मी नेणार. उद्याचं उद्या बघू.

व्हर्ना : ने.

हेदर : मावशी, पालक फाटकाशी थांबलेत. त्यांना ‘या’ म्हणाल ना?

व्हर्ना : यंदा नाही.

हेदर : मग आम्ही आत कसं यायचं?

व्हर्ना : पहिल्यांदा आलात, तसेच. न विचारता.