मानाच्या जागेवर आक्तोश

...आणि वर मलाच विचारतात, उमसुनाई, तू स्वतःच्या घरात चोरासारखी काय गं चालतेस? अहो, चालते म्हणजे? चालावं लागतं! चुलीवरची किटली खोलीत न्यायची तर मी भिंतीच्या कडेकडेने, तिरकी, मान खाली घालून, पाय न वाजवता जाते, आणि का? तर कुत्री घाबरते! ती घाबरू नये म्हणून मी घाबरत चालते, आणि माझं असं चालणं बघून ती आणखी घाबरते... म्हणजे अख्ख्या घरात न घाबरलेलं असं आता कोणी उरलंच नाही!

तुम्हाला सांगते, माझी चूक एवढीच, की त्या दिवशी मी दार उघडलं. बाहेर आमची जिबेक. नर्स आहे ती, शिकलेली, शहाणी, वय उलटून चाललेलं, लग्न ठरत नव्हतं म्हणून मी झुरत होते ती हीच. आमच्या डोंगरातल्या नारिनच्या थंडीत कोटाशिवाय उभी, कोट हातात, आणि कोटात काहीतरी थरथरतंय. म्हटलं, अगं, मूल उचलून आणलंस की काय? तर म्हणे, "आई, गुरांच्या बाजारामागे हिला साखळीला बांधली होती, येणारा-जाणारा लाथ घालायचा. सोडवून आणली." म्हटलं, बरं, पुण्य लागेल, अंगणात बांध. "आई, हिला बांधायचं नाही." मग मोकळी सोड. "आई, भटकी दिसली तर गोळी घालतील." मग काय घरात? घरात कुत्रं? जिथे कुत्रं तिथे फरिश्ते पाऊल टाकत नाहीत, हे माझ्या सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या! तर ही सटवी म्हणते, "फरिश्त्यांना काय, अंगणातूनही आशीर्वाद देता येतो." आणि गेली की आत!

छातीवर पांढरा ठिपका, म्हणून नाव आक्तोश, पांढऱ्या छातीची. आता घरात एवढे कोपरे आहेत, चुलीमागे आहे, कपाटाखाली आहे, जिना आहे... पण नाही! दारापासून सगळ्यात लांब, दाराकडे तोंड, पाठीला भिंत, वर गोधड्यांची चळत, अशी एकच जागा आमच्या घरात. मानाची! जिथे पाहुण्यांतला सगळ्यात थोर माणूस बसतो, जिथे माझे सासरे बसायचे, जिथे मी, या घरात जन्म काढला, अजून टेकलेली नाही, तिथे आक्तोश जाऊन बसली! म्हटलं, जिबेक, उठव तिला. तर म्हणे, "नाही आई, तिला तिथे सुरक्षित वाटतंय. हलवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वेळ द्यावा लागतो, आई."

वेळ द्यावा लागतो! दिला. चहाचा समोवार फुसफुसला की ती गोधडीत घुसते, म्हणून समोवार बंद. टोपी घातलेला पुरुष दिसला की जागेवरच मूत सोडते, म्हणून आमचे हे, असानकुल, एवढा मानाचा माणूस, टोपी बाहेर खुंटीला लावून बोडक्याने घरात येतात. कान लाल, नाक लाल. शेजारी विचारतात, असानकुल, कोणी गेलं का रे? टोपी का काढलीस? हे म्हणतात, "नाही, एक आलीय."

आणि जांभई! हे ऐका म्हणजे तुम्हाला माझी कीव येईल. जिबेकने शिकवलं, की कुत्रीकडे थेट बघायचं नाही. थेट बघितलं की तिला वाटतं आता मारतील. ताटली ठेवायची, तिरकं बसायचं, दुसरीकडे बघायचं आणि मोठ्ठी जांभई द्यायची. म्हणजे म्हणे तिला कळतं, की हा माणूस निवांत आहे, भिण्यासारखं काही नाही. झालं! संध्याकाळी आम्ही तिघं, मुलगा रशियात कामाला म्हणून तो तेवढा सुटला, तिरकी बसून भिंतीला जांभया देतोय. आक्तोश बघतेय. काही फरक? डोंबलाचा फरक! हाडूक मात्र ठेवलं की गायब. आम्ही उठून गेल्यावर. म्हटलं, जिबेक, माझा जबडा दुखतो गं. "वेळ द्यावा लागतो, आई!"

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण तेवढ्यात जिबेकचं ठरत आलं! मुलगा तालाय, चांगला, शांत, हिच्याच दवाखान्यात गाडी चालवतो, हिला आवडलेला. आणि निरोप आला, तालायची आई कुमुशखान येतेय, कानातले घेऊन! कानातले घातले म्हणजे पक्कं. नाही घातले, तसेच परत नेले, तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि ही कुमुशखान म्हणजे काय असामी! पाच वेळा नमाज, आवाज असा की घोडं जागेवर थांबेल. तिला बसवायचं कुठे? मानाच्या जागी! तिथे कोण? आक्तोश!

मी रडले. खरंच रडले हो. म्हटलं, जिबेक, तुझ्या पाया पडते, एका दिवसापुरती कोठीत ठेव तिला. तर पोरीच्या डोळ्यांत पाणी. "आई, काल तिने पहिल्यांदा माझ्या हातातून खाल्लं. आज तिला फरफटत नेली तर ती पुन्हा कधी कोणावर विश्वास ठेवायची नाही." मी म्हटलं, आणि कानातले परत गेले तर? हळूच म्हणाली, "तर जाऊ देत." असं म्हणाली खरी, पण पाहुण्यांसाठी बोरसोकच्या पुऱ्या तळताना बघा ना तिला, पाठ भिंतीला, कान दाराकडे. कुत्रीसारखी!

मग मला मेलीला अक्कल सुचली. म्हटलं, हलवायची नाही ना? नको हलवू. कोपऱ्याला पडदा लावू! फुलाफुलांचा, नवा, छानपैकी लावला. मागे आक्तोश, पुढे बैठक. वा वा! मीच मला शाबासकी दिली.

कुमुशखान आली. बसली. जेवण मांडलेल्या दस्तरखानावर नजर टाकली, मटणावर टाकली, यांच्या बोडक्या डोक्यावर टाकली... आणि मग पडद्यावर. आणि मोठ्याने, "अगं बाई! मुलगा रशियातून आला वाटतं? सून घेऊन? आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही!"

आता कोपऱ्यात पडदा म्हणजे मागे नवी नवरी बसलेली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं! मला कसं सुचलं नाही? मला! मी स्वतः बसलेय तशा पडद्यामागे! मी तोंड उघडणार, तोवर आमच्या ह्यांनी, जन्मात कधी वेळेवर तोंड न उघडणाऱ्या माणसाने, मान डोलावली आणि म्हणाले, "हो. लाजाळू आहे जरा."

झालं! नव्या सुनेचं तोंड काय रिकाम्या हाताने बघतात? कुमुशखानने पिशवीतून रेशमी रुमाल काढला, पांढराशुभ्र, कडेला नक्षी, जिबेकसाठीच आणला असणार. म्हणते, "ये गं पोरी, घाबरू नकोस, बघू तरी!" आणि मी "अहो, थांबा, अहो..." म्हणेपर्यंत पडदा वर!

आत दोन डोळे. कान सपाट, पोट जमिनीला, सगळं अंग लटलट कापतंय... आणि मग केलंन हो तिने तिथेच! आणि तेवढ्यात, मी शपथेवर सांगते, मुद्दाम नाही, नुसती सवय, आम्ही तिघंही एकदम तिरके वळलो, भिंतीकडे बघितलं आणि दिली जांभई. मोठ्ठी! एकदम! होणाऱ्या विहिणीसमोर!

"हे काय?" कुमुशखान म्हणाली. "मला बघून झोप येते तुम्हाला?"

मी म्हटलं, धरणीमाते, पोटात घे. ह्यांनी टोपी शोधायला डोक्यावर हात नेला, टोपी बाहेर. जिबेकच तेवढी पुढे झाली. सगळं सांगितलंन. साखळी, लाथा, जांभया, सगळं. म्हणाली, "तिला इथून उठवणं मला जमलं नाही. आणि तुम्हाला दाराशी बसवणंही जमलं नसतं. खोटं बोललो आम्ही. कानातले परत न्यायचे असतील तर न्या."

रुमाल हातात तसाच. कुमुशखानने पडदा सोडला, हळूच, जसा होता तसा. मग एकदम म्हणते, आणि आवाज तिचा नव्हेच, कोणा लहान मुलीचा, "मलापण असंच बसवलं होतं. अख्खं गाव आलं, पडदा वर करून बघून गेलं. नाक बघ, रंग बघ, हात बघ. जेवलीस का, हे एकाने विचारलं नाही."

आणि तुम्हाला सांगते, ती बाई तशीच वळली, पडद्याकडे पाठ करून तिरकी बसली, मटणाचा चांगला मऊ तुकडा उचलला, न बघता मागे सरकवला, आणि दिली जांभई! अशी जांभई, की आतले सोन्याचे दात सगळे मोजून घ्यावेत! पडद्याखालून एक नाक आलं. तुकडा गेला. आम्ही सगळे समोर बसलेले असताना! पहिल्यांदा! जिबेक रडायला लागली, मी रडायला लागले, आणि कुमुशखान म्हणाली, "रडताय काय? पोरीचे कान इकडे आणा."

घातले कानातले! मी म्हटलं, आक्तोशबाई, तुझे पाय धुऊन पाणी प्यावं. जाशील आता जिबेकबरोबर सासरी, सुखी राहा. तर कुमुशखान दारात थांबली. "कुत्री मात्र माझ्या घरात नको हं. मी नमाज पढते. तुमच्या फरिश्त्यांचं तुम्ही बघून घ्या." आणि तोंड बघायला काढलेली भेट कोणी परत घेतं का? नाही घेत! रुमाल राहिला कुत्रीला. रेशमी! त्यावर ती झोपते. मी आयुष्यात असा रुमाल डोक्याला बांधलेला नाही.

जिबेक गेली. घर असं रिकामं झालं, की किटली ठेवल्याचा आवाज मलाच मोठा वाटतो. हे गुरांकडे. मी आणि आक्तोश. ती मानाच्या जागी, मी दाराशी. रोज फोनची वाट बघायची. फोन यायचा, पण पोरीचा आवाज तोंडातल्या तोंडात. सगळे बघायला येतात, आई. सगळे बघतच राहतात. घास उतरत नाही. मी काय सांगणार? वेळ द्यावा लागतो, म्हटलं. दुसरं काय येतं मला?

आणि काल फोन आला, तर ही हसतेय! हसतेय की रडतेय कळेना. म्हणे, "आई, सासूबाईंनी आज सगळ्यांना बाहेर काढलं. माझ्यासमोर ताट ठेवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिरक्या बसल्या, खिडकीकडे तोंड केलं, आणि आई... जांभई दिली! मी आज पोटभर जेवले गं!"

मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. तिथेच, दाराशी बसून. किती वेळ कोण जाणे. मान वर करून बघते, तर आक्तोश उठलेली. आली. कडेकडेने, तिरकी, पाय न वाजवता, थेट माझ्याजवळ येऊन बसली, तोंड तिकडे फिरवलं... आणि मला जांभई दिली.

मला! माझ्या घरात! म्हणजे एवढं सगळं करून शेवटी माणसाळवायची राहिलेली कोण, तर मी!

असू दे. करतेय बिचारी प्रयत्न. तिला म्हटलं, बाई गं, मी जुनी आहे, मला जरा वेळ द्यावा लागेल.