गुरुवारी पास्ता भट्टीत

...आणि गुरुवारी लाईट जाते हे मला आधी कुणी सांगितलं का? नाही. तुम्हाला सांगते, सगळ्या घराला ठाऊक होतं, बाबांना, आईला, माझ्या भावाला जयदीपला, समोरच्या किराणावाल्यालासुद्धा. मी एकटीच इटलीत, तुरिनला दोन वर्षं गाड्यांचं डिझाइन शिकून परत आलेली. मला वाटलं, इथल्या कंपन्या गुरुवारी बंद, म्हणजे सगळे घरी, म्हणजे हाच दिवस. पण कंपन्या बंद असतात म्हणून तारांची दुरुस्तीही त्याच दिवशी काढतात, हे डोक्यातच आलं नाही. गुरुवारी मशीनला सुट्टी, माझ्या भावाला सुट्टी, विजेलासुद्धा सुट्टी... फक्त आईला नाही. म्हणून तर बुधवारी सगळ्यांसमोर शब्द दिला, उद्या आई ओट्याकडे फिरकणार नाही, ती बसेल आणि मी बेक्ड पास्ता करीन. सोपं असतं. उकडायचा, सॉस घालायचा, चीज पसरायचं, ओव्हनमध्ये ढकलायचं आणि आपण चक्क बसायचं. हा स्वयंपाक नाही, ही मुक्ती आहे, असंही बहुतेक मी म्हणाले. बाबा म्हणाले, "बरं."

आता बसणं आईला जमेना, त्याला मी काय करू? कॉटवर बसवली तर तिथूनच, "कांदा चिरू का?" नको. "लसूण तरी सोलते." आई, बस. "बसून काय करू पण?" ...याचं उत्तर तुरिनला शिकवत नाहीत हो.

तेवढ्यात जयदीप आला, पातेल्यात डोकावला, पेने पास्त्याची एक नळी उचलून तिच्यातून आरपार बघितलं आणि म्हणाला, "ताई, आमच्या कंपनीत मशीन गार ठेवायला कूलंटच्या ह्याच नळ्या हायेत. चार दे, स्पेअर कमी पडतात." मी लक्ष दिलं नाही. सॉस सुंदर झाला होता, चीज पसरलं, ओव्हनचं बटण फिरवलं, आणि फ्रिजची घरघर थांबली. लाईट कधी येईल? तिघं एका सुरात, "सहाला."

पण मी हरणारी नाही. दिवाळीत अख्खं गाव नानकटाईचे पत्रे घेऊन कुणाकडे रांग लावतं? इब्राहिमचाचांच्या बेकरीत. त्यांच्या भट्टीला लाकूड लागतं, लाईट नाही. मग काय, जयदीपच्या गाडीवर मागे मी, मांडीवर ट्रे, ट्रेवर टॉवेल, आणि चौकात पुढे कंटेनर, मागे कंटेनर. तरी मी म्हणत होते, सोपं असतं.

चाचांनी टॉवेल उचलला, बराच वेळ बघितलं.

"हे फुगतं का?"

"नाही चाचा. फक्त एकशे ऐंशी अंश पाहिजेत, पंचवीस मिनिटं."

"अंश न्हाईत माझ्याकडं. हात हाय." आणि खरंच, हात भट्टीच्या तोंडाशी धरला, काहीतरी मोजलं, पाव सरकवले आणि माझी मुक्ती मधोमध ठेवली. बाहेर आली तेव्हा, काय सांगू तुम्हाला, वरून असा बदामी रंग, कडेला खरपूस, पाव घ्यायला आलेली माणसं पाव विसरून बघत होती. "दिवाळीला आणत जा," चाचा म्हणाले.

घरी सगळ्यांना वाढलं. बाबांनी दोन घास खाल्ले, मान डोलावली, मग ताटाच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"झकास हाय. भाकरी कुठंय?"

"बाबा, हेच जेवण आहे."

"न्हाई पोरी, हे कालवण हाय. दाटसर हाय, पण कालवणच."

जयदीप म्हणाला, "मला दोन."

आई उठलीच. पदर खोचून निम्म्या वाटेत होती. आता मला सांगा, काय करणार? शब्द दिलेला. मी म्हटलं, आई, खाली बस. आणि परात ओढली.

पहिल्या भाकरीचे तव्यावर पडेपर्यंत तीन तुकडे झाले. दुसरी माझ्या हातालाच राहिली. आणि आई कॉटवर मांडी घालून, ताट मांडीवर, पास्ता चवीनं खातेय, कडेचं खरपूस आधी. "गरम पाणी घाल की पिठात," ती म्हणाली, "अन् थाप. सोपं असतं."

बसली हो. दिल्या शब्दाप्रमाणे बसली. पुढच्या गुरुवारी मामाही पास्ता खायला येतोय, तर भाकऱ्या पंधरा लागतील, हेसुद्धा तिनं बसूनच सांगितलं.