मिटणारा की उलटणारा

विक्रेती: आता बघा हं मॅडम, आणखी मागे... आणखी... न घाबरता पूर्ण मागे! झाला की नाही लॅपटॉपचा टॅब?

बायको: अरे वा! पाठीला पाठ लावून बसला की.

नवरा: कोण बसलं पाठीला पाठ लावून?

बायको: पडदा आणि कीबोर्ड. भांडण झाल्यासारखे. हात दे इकडे. हं, हा वर पडदा. आता खाली चाचपून बघ.

नवरा: बटणं लागतायत. कीबोर्ड पालथा पडलाय बिचारा.

विक्रेती: यालाच कन्व्हर्टिबल म्हणतात, सर. बिजागरी पूर्ण गोल फिरते. सरळ ठेवा, तंबूसारखा उभा करा, नाहीतर असा उलटा करून हातात धरा. आणि सर, तुम्ही जरा या बाजूनं बघितलंत ना, तर... सॉरी. सॉरी सर, माझ्या लक्षात...

नवरा: अहो, सॉरी काय त्यात. मला दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. तुमचं चालू द्या.

बायको: तू गप्प बस रे. ती पोरगी आधीच बावरलीय. काही मनावर घेऊ नका हं, यांना असले विनोद करायची सवय आहे.

नवरा: बरं, तुला सांगायचं राहिलं. आज सकाळी इस्पितळात कामावर असताना एका बाईंचा फोन आला. विचारतात काय, तुमच्याकडे वॉर्डातले दिवे किती वाजता मालवतात?

बायको: हं. अहो, याच्याबरोबर पेन मिळतं ना? पडद्यावर चित्र काढायचं?

विक्रेती: मिळतं ना मॅडम! चित्रकार आहात तुम्ही?

बायको: चित्रकार कसली. शाळेच्या पुस्तकातल्या आकृत्या काढते मी. फुलाचे भाग, कानाची रचना, घेवड्याच्या बीचा छेद. बाण काढून नावं द्या म्हणतात ना, त्यातला बाणही मीच काढते.

विक्रेती: अय्या! म्हणजे परीक्षेत माझे मार्क गेले ते तुमच्यामुळे!

नवरा: बघ, तुझी कीर्ती इथवर पोचलीय.

बायको: आणि हे सगळं माउसनं. घेवड्याच्या बीवरची ती बारीक रेघ माउसनं काढून बघा एकदा. आता डॉक्टर म्हणतात, मनगट वाचवायचं असेल तर माउस सोडा. हा पट्टा बघा, महिना झाला.

विक्रेती: मग मॅडम, तुमच्यासाठी हाच! अजिबात विचार करू नका.

नवरा: करू द्या हो थोडा. मिटणारे साधे नाहीत का तुमच्याकडे?

विक्रेती: आहेत की. क्लॅमशेल. हा काय, शेजारीच. चांगलाच आहे हाही. दणकट, बॅटरी जास्त चालते, स्वस्तही पडतो.

नवरा: ऐकलंस? दणकट.

बायको: दणकट असून काय करू? त्याच्या पडद्यावर पेन चालत नाही.

नवरा: पेनासाठी वेगळी पाटी मिळते म्हणत होतीस ना? ती जोडायची.

बायको: म्हणजे हात इकडे हलणार आणि रेघ तिकडे उमटणार. वापरून बघितलीय मी ती. एका दुपारी एक बेडूक काढला आणि चार दिवस मान धरली.

नवरा: पण एवढी गरागरा फिरणारी बिजागरी टिकायची कशी? ज्या बाईनं साधी बिजागरी धड ठेवली नाही, तिच्या हातात ही?

विक्रेती: जुन्या लॅपटॉपची बिजागरी गेलीय का?

बायको: गेलीय. तुमच्या दुकानामागचे दुरुस्तीवाले म्हणाले, आता बसत नाही, आतलं प्लास्टिकच फुटलंय.

विक्रेती: कशानं हो?

नवरा: आपटून. मी सांगतो ना. त्यांनी उघडून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, घरात झाकण कोण आपटतं? मी तत्काळ नाव सांगून मोकळा झालो.

विक्रेती: मॅडम, तुम्ही? तुम्हाला बघून वाटत नाही.

नवरा: मलाही वाटलं नव्हतं. रोज संध्याकाळी एकदा. टप्प! शेजारची मांजर उठून जाते.

बायको: ते राहू दे. तुम्ही मला पेन दाखवा.

विक्रेती: आणते ना. पण त्याआधी याची सगळ्यात मोठी गंमत सांगते सर, तुम्हाला पटेलच बघा. समजा मॅडमचं टेबलावरचं काम झालं. की लगेच उलटा करायचा, सोफ्यावर नाहीतर गादीवर घेऊन बसायचं. हातातल्या हातात पेन, जरासुद्धा आवाज नाही. शेजारी कुणी झोपलं असेल तरी कळणार नाही. मिटायची गरजच नाही!

नवरा: मिटायचाच नाही?

विक्रेती: गरजच नाही सर. दिवसभर उघडा.

नवरा: आणि पेनाचा आवाज?

विक्रेती: शून्य.

नवरा: अच्छा.

विक्रेती: पेन आतल्या कपाटात आहे. आलेच हं. बसा ना तोवर.

बायको: ये, इथे स्टूल आहे. हं, बस. आता सांग.

नवरा: काय?

बायको: बॅटरी, बिजागरी, दणकटपणा. गेल्या आठवड्यापर्यंत तूच म्हणत होतास, तुझ्या मनगटाला बरं पडेल ते घे. आणि इथे आल्यापासून तुझा सूरच बदललाय. काय खुपतंय?

नवरा: काही नाही गं. सहज.

बायको: तू इस्पितळात दिवसभर फोनवर लोकांच्या आवाजावरून ओळखतोस ना, कोण घाबरलंय, कोण खोटं धीराचं बोलतंय? मलाही एका माणसाचा आवाज ओळखता येतो.

नवरा: हसशील.

बायको: हसले तर हसले.

नवरा: डोळे गेल्यापासून एक झालंय बघ. तू घरात असतेस ते कळतं. पण तू कुठे आहेस ते कळत नाही. म्हणजे खोली कळते, खुर्ची कळते. तू त्या बेडकात आहेस की माझ्यापाशी आहेस, ते नाही कळत. पूर्वी नुसतं बघितलं की समजायचं. भुवया अशा आखडलेल्या असल्या की आपण पेपर वाचावा.

बायको: अजूनही आखडतात.

नवरा: असतील. मला आता माउसची टिकटिक ऐकू येते. तेवढा वेळ मी तोंड उघडत नाही, पुस्तक ऐकत बसतो. मग टिकटिक थांबते, आणि मग ते तुझं झाकण. टप्प. आपटतेस ते कितीही वाईट असो, पण ते वाजलं की मला कळतं, सुटली कामातून. आता माझी. मग मी दिवसभरातलं साठवलेलं सगळं सुरू करतो.

बायको: माहीत आहे. सुरू केलंस की थांबत नाहीस.

नवरा: आता हे आलं, की टिकटिक नाही आणि टप्पही नाही. तू समोर सोफ्यावर बसलेली, आणि मी आपला विचारतोय, आहेस का गं? झालं का गं? तू म्हणणार, पाचच मिनिटं. मग पुन्हा विचारायचं. तुला त्याचा कंटाळा येणार नाही, हे मला माहीत आहे. मला येईल. सारखा विचारत बसणारा माणूस मला व्हायचं नाही. बस, एवढंच आहे. मूर्खपणा आहे, पण आहे. हसत नाहीस का?

बायको: नाही.

नवरा: मग बोल काहीतरी. गप्प झालीस की मला कळत नाही, सांगतोय काय मघापासून.

बायको: माझा हात जड आहे असं वाटतं तुला?

नवरा: वाटतं काय, बिजागरीच साक्षीला आहे.

बायको: कप कसा ठेवते मी?

नवरा: कप? कप हळू ठेवतेस.

बायको: दार?

नवरा: दाराचाही आवाज होत नाही. तू आलेली कित्येकदा कळत नाही मला.

बायको: कपाट? भांडी?

नवरा: नाही गं. तुझा हात हलकाच आहे. ते झाकणच तेवढं... थांब.

बायको: थांबले.

नवरा: तू मुद्दाम आपटतेस?

बायको: आधी नव्हते आपटत. तुला दिसायचं बंद झालं त्या वर्षी एकदा मी काम संपवलं, झाकण मिटलं आणि तुझ्यासमोर येऊन चहा पीत बसले. तू काही बोलेनास. मला वाटलं, नको असेल बोलायला, दिवस वाईट गेला असेल. मीही गप्प. चहा संपला, बाहेर अंधार पडला. आणि मग तू अगदी हळू विचारलंस, "अजून बराच वेळ लागेल का गं?"

नवरा: मला नाही आठवत.

बायको: मला आठवतं. मी समोर होते रे. हात लांब केला असता तर तुझ्या गुडघ्याला लागला असता. आणि तू माझी वाट बघत होतास. त्या रात्री मी न्हाणीघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवसापासून आपटायला लागले.

नवरा: सांगायचं ना मला.

बायको: काय सांगायचं? की आता मी तुला घंटी वाजवून कळवत जाईन? तुला चाललं असतं?

नवरा: नसतं चाललं.

बायको: मग.

नवरा: आणि मी इतकी वर्षं तुला आदळआपट करणारी बाई म्हणून चिडवतोय. दुरुस्तीवाल्यासमोर नाव घेतलं. मघाशी त्या मुलीसमोरसुद्धा.

बायको: चिडवायचास तेव्हा बरं वाटायचं. म्हणजे ऐकू गेलं.

नवरा: बिजागरी मोडेपर्यंत आपटलंस.

बायको: मोडली तर मोडली. तिचं काम तिनं केलं.

नवरा: हात दे.

बायको: हा नको, पट्टा आहे त्याला. हा घे.

विक्रेती: सॉरी हं, किल्लीच सापडत नव्हती! हे पेन, मॅडम. काढून बघा काहीतरी. सर, तुम्हाला पाणी देऊ का? डोळ्यांत काही गेलंय का?

नवरा: दुकानात धूळ फार आहे तुमच्या. बरं, ऐका, आमचं ठरलं. उलटणारा द्या.

बायको: काही ठरलेलं नाही. साधा द्या.

विक्रेती: अं?

नवरा: उलटणारा. तिचं मनगट दुखतंय.

बायको: साधा. त्याचं झाकण वाजतं.

विक्रेती: पण मघाशी सर साधा म्हणत होते आणि तुम्ही... मी जरा साहेबांना बोलावू का?

नवरा: साहेबांना नको. मला सांगा, या उलटणाऱ्याला सरळ करून मिटता येतं की नाही?

विक्रेती: येतं की सर. लॅपटॉपच आहे तो शेवटी. हे बघा, सरळ केला, आणि मिटला.

नवरा: मिटला?

विक्रेती: मिटला ना.

बायको: बघा, काही ऐकू आलं नाही यांना. मी सांगत होते.

विक्रेती: आतून चुंबक आहे मॅडम, मऊ बसतो. लोकांना तेच आवडतं.

नवरा: काही हरकत नाही गं. तू मला तोंडानं सांग, झालं म्हणून. मला चालेल आता. खरंच चालेल. तुझा हात गेला तर ते झाकण वाजून मला काय करायचंय?

बायको: आधी पेन तर बघू दे. हं... अगं बाई, किती सरळ जाते रेघ! दुखतच नाही. हे बघा, घेवडा झालासुद्धा.

विक्रेती: अय्या, अगदी पुस्तकातल्यासारखा!

नवरा: पुस्तकातलाच आहे तो. बघ, आवाजावरून कळतंय मला. हाच घ्यायचा.

बायको: घेऊ. पण माझी एक अट आहे. दिवसभर कितीही उलटा केला, सोफ्यावर नेला, गादीवर नेला, तरी संध्याकाळी सरळ करून मिटायचा. आणि मिटायचा तो माझ्या पद्धतीनं. बाई, जरा इकडे सरकवा तो. बाजूला व्हा हं.

विक्रेती: मॅडम, मॅडम, हळू! तो दाखवायचा पीस आहे! आणि आपटून मोडला तर वॉरंटीत बसत नाही...

(टप्प.)

नवरा: ...काम झालं वाटतं.

बायको: झालं. वाजतो की चांगला.

नवरा: शेजारची मांजर उठेल.

बायको: उठू दे. तुम्ही बिल करा हो, आणि असा तोंडावर हात ठेवून उभ्या राहू नका, काही मोडलेलं नाही. आणि तू बोल आता. सकाळच्या त्या बाईंना दिवे मालवायची वेळ कशाला हवी होती?

नवरा: नवरा आहे त्यांचा वॉर्डात. म्हणाल्या, घरचेही त्याच वेळी मालवीन.